फार्मासिस्ट वॉर्डात कसा पोचला

केनियाच्या पश्चिम भागात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर, एल्डोरेट नावाचं शहर आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंमुळे ते जगाला माहीत आहे. आपल्याला मात्र तिथल्या मोई टीचिंग अँड रेफरल हॉस्पिटल या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या एका ओपीडीत जायचं आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्या रुग्णांसाठीची ही ओपीडी फार्मासिस्ट चालवतात. रक्ताचा अहवाल तेच बघतात, गेल्या खेपेपासून काय काय बदललं ते विचारतात, गोळीची मात्रा वाढवायची की उतरवायची ते ठरवतात आणि पुढची तारीख देतात. गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलावतात. एरवी काम त्यांचं ते करतात.

आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटलं की मेडिकलच्या काउंटरमागचा माणूस डोळ्यांसमोर येतो. चिठ्ठी घ्यायची, फळीवरून औषध काढायचं, कात्रीने पट्टी कापून द्यायची, ‘जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ’ एवढं सांगायचं. या माणसाने दोन वर्षांची डी. फार्म. किंवा चार वर्षांची बी. फार्म. केलेली असते. औषध शरीरात कुठे जातं, कशाने मोडतं, कोणत्या दुसऱ्या औषधाशी त्याचं जमत नाही, हे सगळं तो परीक्षेपुरतं का होईना शिकलेला असतो. त्यातलं फार थोडं रुग्णापर्यंत पोचतं. केनियातही परिस्थिती याहून फार निराळी नव्हती. मग एल्डोरेटचा फार्मासिस्ट काउंटर ओलांडून रुग्णासमोरच्या खुर्चीत कसा येऊन बसला? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले काही फार्मासिस्ट तिथे गेले, भेट देऊन परतायच्या ऐवजी राहिले आणि स्थानिक फार्मासिस्टांच्या शेजारी उभे राहून रोजचं काम करू लागले, म्हणून. एका देशातल्या अनुभवी माणसाने दुसऱ्या देशातल्या समव्यावसायिकाला हाताशी धरून घडवायचं, या पद्धतीला आज जगभर मेंटॉरिंग म्हणतात. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

पण आधी ती रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफरिन, नीट समजून घेऊ. शेजारी उभं राहूनच का शिकवावं लागतं, ते वॉरफरिनइतकं स्पष्ट दुसरं कुठलं औषध सांगणार नाही.

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा त्यांनी खाल्लेला असायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं दोषी द्रव्य शोधून काढलं, आणि त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. १९५४ साली तेच माणसांना देण्यासाठी मंजूर झालं. झडप बदललेल्या, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ते देतात. आपल्याकडे वॉरफरिन आणि त्याच जातीचं अ‍ॅसिट्रोम, दोन्ही सर्रास लिहिली जातात.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आयएनआर नावाच्या आकड्यात मोजतात. निरोगी माणसात तो १च्या आसपास असतो. वॉरफरिनवरच्या बहुतेक रुग्णांत तो २ ते ३च्या दरम्यान ठेवायचा असतो, हृदयाच्या काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. दोनच्या खाली गेला तर गुठळी होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. मधली पट्टी अरुंद आहे आणि तिच्यात राहण्यासाठी लागणारी मात्रा प्रत्येकाची वेगळी. शिवाय ती एकदा सापडली म्हणजे कायमची सापडली असंही नसतं.

एल्डोरेटच्या परिसरातलाच एक नेहमीचा पेच घ्या. बालपणी घसा दुखून आलेल्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली तरुण बाई वॉरफरिनवर आहे. हा आजार आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांनाही चांगला परिचयाचा. तिला क्षयरोग झाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं, की यकृत वॉरफरिन झपाट्याने मोडू लागतं. कालपर्यंत पुरणारी मात्रा आज अपुरी पडते, म्हणून ती वाढवावी लागते, कधी कधी दुपटीच्याही वर. सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपतो. सगळे आनंदात असतात. खरा धोका इथून सुरू होतो, कारण यकृताचा वेग दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि वाढवलेली वॉरफरिनची मात्रा आता जास्त होते. ती वेळेत उतरवली नाही तर बरी झालेली बाई रक्तस्रावाने दगावू शकते. क्षयाचं खातं वेगळं, हृदयाचं वेगळं. दोन्हीकडच्या गोळ्या एकत्र पाहणारा माणूस रुग्णालयात एकच असतो, तो म्हणजे फार्मासिस्ट.

आणि जेवण? वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतं, आणि हिरव्या पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. केनियातल्या सर्वसामान्य घरात मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर रोज पानात पडते ती सुकुमा विकी नावाची पालेभाजी, केलच्या जातीची. भाजी अचानक वाढली की औषधाचा जोर कमी होतो, अचानक बंद झाली की वाढतो. परदेशी पुस्तक वाचून कोणी ‘पालेभाज्या टाळा’ म्हणून सांगेल. गरीब घरातल्या माणसाला याचा अर्थ ‘जेवू नका’ असा होतो. खरा सल्ला असा, की खात आहात तेवढीच रोज खा, गोळीची मात्रा आम्ही त्या भाजीला जुळवून घेऊ. मात्रा कशी बदलायची हे इंडियानाहून आलेल्या फार्मासिस्टला माहीत. दुष्काळात भाजी महाग झाल्यावर घरात काय शिजतं, हे एल्डोरेटच्या फार्मासिस्टला माहीत. दोघं एका टेबलाशी बसले तरच रुग्णाचा आकडा पट्टीत राहतो. पुस्तकं पाठवून हे होत नाही, आणि चार दिवसांच्या कार्यशाळेनेही होत नाही.

मोई विद्यापीठ आणि इंडियाना विद्यापीठ यांचं नातं १९८९पासूनचं. २००१ साली त्यातून एड्सच्या उपचारांसाठी ‘अ‍ॅम्पाथ’ हा कार्यक्रम उभा राहिला. इंडियानातल्याच पर्ड्यू विद्यापीठाचं फार्मसी महाविद्यालय त्यात पुढे सामील झालं. सोनक पस्ताकिया यांच्यासारखे भारतीय वंशाचे प्राध्यापक एल्डोरेटलाच मुक्काम करून राहिले. अमेरिकेतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आठ-आठ आठवड्यांसाठी येत आणि केनियन इंटर्न्सबरोबर वॉर्डात उभे राहत. सकाळी रुग्ण पाहायचा, त्याचा केसपेपर वाचायचा, औषधांत काय खटकतंय ते स्वतः शोधायचं, मग राउंडला सगळ्यांसमोर बोलायचं. चुकलं तर मेंटॉर तिथल्या तिथे विचारणार, ‘हे कशावरून?’ या एका प्रश्नाला रोज उत्तर द्यावं लागणं हाच खरा अभ्यासक्रम होता, असं मला वाटतं.

वॉरफरिन ओपीडीचे निष्कर्ष २०११ साली ‘जर्नल ऑफ थ्रॉम्बोसिस अँड हीमोस्टॅसिस’ या नियतकालिकात आले. रुग्णांचा आयएनआर साठ टक्क्यांहून जास्त काळ योग्य पट्टीत राहिला होता, म्हणजे श्रीमंत देशांतल्या चांगल्या ओपीड्यांच्या तोडीस तोड. त्या निबंधाचं पहिलं नाव एल्डोरेटच्याच रुग्णालयातल्या फार्मासिस्टचं आहे. शोधनिबंधात पहिलं नाव कोणाचं, यावरून भागीदारी कोणाच्या मालकीची आहे ते कळतं.

या मंडळींच्या लवकरच लक्षात आलं, की उत्तम सल्ला देऊनही फळीवर गोळीच नसेल तर सगळं व्यर्थ. सरकारी औषध भांडारात साठा वरचेवर संपायचा, रुग्ण रिकाम्या हाताने परतायचा. मग त्यांनी फिरत्या भांडवलावरच्या औषधशाळा काढल्या. पहिला साठा देणगीतून भरायचा, रुग्णाकडून परवडेल एवढी किंमत घ्यायची आणि त्याच पैशातून संपलेलं औषध पुन्हा आणायचं. सरकारी खिडकीवर औषध मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर शेजारी ही खिडकी. पुढे छोट्या आरोग्य केंद्रांपर्यंत ही पद्धत गेली. व्यवसाय सुधारणं म्हणजे रुग्णाशी चार शब्द गोड बोलणं एवढंच नसतं. साठ्याची वही, खरेदी, पैशाचा हिशेब हेही त्यातच येतं, आणि मेंटॉरला त्यातही हात घालावा लागतो.

फार्मासिस्टने वॉर्डात यावं हा विचार एल्डोरेटपेक्षा बराच जुना. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरच्या शस्त्रक्रिया विभागात फार्मासिस्टांना चोवीस तास बसवलं गेलं. तळघरातली औषधशाळा सोडून तो रुग्णाच्या जवळ आला तर काय होतं, हे बघायचं होतं. डॉक्टर आणि नर्स त्याला विचारू लागले, आणि क्लिनिकल फार्मसीने मूळ धरलं. १९९० साली हेप्लर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एका गाजलेल्या लेखात मांडलं, की औषध हातात दिलं म्हणजे फार्मासिस्टचं काम संपत नाही, त्या औषधाने रुग्णाचं भलं झालं की नाही याची जबाबदारीही त्याची. त्याच्या दोन वर्षं आधी, डिसेंबर १९८८मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने फार्मासिस्टच्या भूमिकेवर विचार करायला तज्ज्ञांची बैठक भरवली होती, ती नवी दिल्लीत. १९९७च्या अहवालात संघटनेने फार्मासिस्टच्या सात भूमिका सांगितल्या आणि त्यांत ‘शिक्षक’ हीही एक घातली. १९१२ साली हेगला स्थापन झालेला फार्मासिस्टांचा जागतिक महासंघ, एफआयपी, आज तरुण फार्मासिस्टांना इतर देशांतल्या अनुभवी मंडळींशी जोडून देतो, कोणत्या क्षमता कमवायच्या याची चौकटही त्याने २०१२ साली बनवली आणि २०२०मध्ये सुधारली. कागदावर एवढं सगळं असताना प्रत्यक्ष बदल मात्र एकेका रुग्णालयात, एकेका जोडीतून झाला.

अशी एक जोडी आपल्याच देशात, दक्षिणेत जमली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस फार्मसी महाविद्यालयांनी ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या विषयात एम. फार्म. सुरू केलं. तोवर भारतातलं फार्मसीचं शिक्षण कारखान्याकडे तोंड करून उभं होतं. गोळी कशी दाबायची, तिचं पृथक्करण कसं करायचं, सिरपला रंग कसा द्यायचा. औषधनिर्मितीत देशाने जे नाव कमावलं त्यात या शिक्षणाचा मोठा वाटा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण वॉर्डात उभं राहून शिकवेल असा शिक्षक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होता. तो आला दक्षिण ऑस्ट्रेलियातून. अ‍ॅडलेडजवळ डॉ पार्क इथे युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी उभारलेलं रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटल होतं, आणि तिथला फार्मसी विभाग क्लिनिकल कामासाठी नावाजलेला होता. तिथले फार्मासिस्ट म्हैसूरच्या जेएसएस रुग्णालयात आणि उटीच्या सरकारी रुग्णालयात आले, विद्यार्थ्यांना घेऊन राउंडला गेले, औषधमाहिती केंद्रांना हातभार लावला.

कल्पना करा, काय वातावरण असेल. राउंडला प्रोफेसर, निवासी डॉक्टर, सिस्टर आणि त्यांच्या मागे पांढऱ्या कोटात एम. फार्म.ची मुलं. ही कोण? इथे काय करतात? औषधाबद्दल डॉक्टरला सांगणारे हे कोण टिकोजीराव? हे प्रश्न कोणी तोंडावर विचारत असेल, कोणी मनात. त्यांना उत्तर भाषणाने देता येत नाही. उपयोगी पडूनच द्यावं लागतं.

उपयोगी पडायचं म्हणजे काय, ते एका हिशेबाने दाखवतो. समजा, सत्तर वर्षांची आजी छातीत कफ आणि ताप घेऊन दाखल झाली आहे. रक्तातलं क्रिएटिनिन १.३. कागदावर हा आकडा जरासाच वर दिसतो, कोणी फारसं लक्ष देणार नाही. लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, असा आदेश लिहिलेला आहे. शिकाऊ फार्मासिस्ट म्हणतो, ‘ठीक आहे.’ मेंटॉर विचारतो, ‘आजींचं वजन किती?’ केसपेपरवर वजन लिहिलेलंच नाही. काटा आणून वजन केलं जातं, ४२ किलो. आता १९७६ सालचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावायचं. १४०मधून वय वजा करा, राहिले ७०. त्याला वजनाने गुणा, २९४०. त्याला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने, म्हणजे ९३.६ने भागा, आले ३१च्या आसपास. रुग्ण स्त्री असल्याने ०.८५ने गुणा. उत्तर सुमारे २७. तरुण, निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची गती मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपास असते, आजींची राहिली आहे सत्तावीस. पहिला डोस पूर्ण द्यायचा, पण दुसऱ्या दिवसापासून निम्मा करायला हवा. नाहीतर औषध अंगात साचेल, आजी भ्रमिष्टासारखी बोलू लागेल, आणि घरचे म्हणतील, वयामुळे झालं.

सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेलं असतं. वजन विचारायची सवय पाठ करून लागत नाही. ती लागते रोज कोणीतरी विचारताना पाहून. पुन्हा, निम्म्या डोसची गोष्ट प्रोफेसरांना सांगायची कशी, सगळ्यांसमोर की बाजूला घेऊन, चिठ्ठीवर लिहून की तोंडी, हेही पाहूनच कळतं. मेंटॉरकडून माणूस काय शिकतो, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, कुठे थांबून प्रश्न विचारायचा ते.

त्या सहवासातून एक पुस्तकही आलं. म्हैसूरचे जी. पार्थसारथी, ऑस्ट्रेलियाच्या कारिन नायफोर्ट-हॅन्सन आणि अमेरिकेतल्या ओहायोचे मिलाप नहाता यांनी संपादित केलेलं क्लिनिकल फार्मसी प्रॅक्टिसचं पाठ्यपुस्तक २००४ साली ओरिएंट लाँगमनने काढलं. देशभरच्या महाविद्यालयांत ते वापरलं गेलं. २००८ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आणला, त्यातलं शेवटचं वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचं. तेव्हा नव्या महाविद्यालयांना शिकवणारे हवे होते, आणि म्हैसूर-उटीच्या जुन्या विद्यार्थ्यांतून त्यांतले कित्येक मिळाले. डॉ पार्कचं ते रुग्णालय २०१७ साली बंद झालं. तिथून आलेली राउंडची पद्धत आपल्याकडे चालू आहे.

तिसरा प्रयोग अलीकडचा, आणि तो थेट आपल्या दुखण्याशी जोडलेला आहे. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झालेत. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट या कारणाने मेली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. ब्रिटिश सरकारच्या फ्लेमिंग फंडातून पैसा घेऊन ‘थेट’ ही संस्था आणि कॉमनवेल्थ फार्मासिस्ट्स असोसिएशन यांनी घाना, टांझानिया, युगांडा आणि झांबिया या देशांतली रुग्णालयं ब्रिटनच्या रुग्णालयांशी जोडली. पहिल्या टप्प्यात अशा १२ जोड्या होत्या. मोशीचं किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर नॉर्थम्ब्रियाशी, लुसाकाचं विद्यापीठ रुग्णालय ब्रायटनशी. यातल्या काही ठिकाणचे संबंध वीसेक वर्षं आधीपासूनचे होते, म्हणून काम लवकर रुळलं.

सुरुवात मोजणीपासून केली जाते. एक दिवस ठरवायचा. त्या सकाळी आठ वाजता वॉर्डात किती रुग्ण, त्यांतल्या किती जणांना प्रतिजैविक चालू, कोणतं, कशासाठी, कारण केसपेपरवर लिहिलंय का, थांबवायची तारीख लिहिलीय का. बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठाने यासाठी सोपी पद्धत बसवून दिली आहे. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तर एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. जखमेत पू होऊ नये म्हणून प्रतिजैविक द्यायचं ते चीर देण्याआधीच्या तासाभरात, बहुतेक शस्त्रक्रियांना एकच डोस पुरतो. प्रत्यक्षात ते टाके काढेपर्यंत चालू ठेवलं जातं. आपल्याकडेही ‘ऑपरेशन झालंय ना, मग पाच दिवस अँटिबायोटिक’ हे इतकं अंगवळणी पडलंय की रुग्णच मागून घेतो. बाहेरून आलेल्या माणसाने ‘तुमचं चुकतंय’ म्हटलं तर सर्जन ऐकून घेत नाही, आणि का ऐकावं? पण त्यांच्याच वॉर्डाचा, त्यांच्याच फार्मासिस्टने मोजलेला आकडा समोर ठेवला तर बोलणं सुरू होतं. ब्रिटनहून आलेल्या फार्मासिस्टचं काम मोजायला शिकवणं आणि मग मागे राहणं. हे मागे राहणं फार कठीण असतं. अनुभवी माणसाला स्वतः करून टाकायची घाई असते.

२०२० साली करोनाने विमानं थांबवली, तेव्हा ही मंडळी झूमवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आली. जिथे आधी ओळख झाली होती तिथे काम चालू राहिलं. युगांडात तर भागीदारीतल्या फार्मासिस्टांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने हात चोळायचं द्रावण स्वतः बनवलं. ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. औषध स्वतः बनवणं हे फार्मासिस्टचं मूळ कसब. महासाथीत कंपन्यांचा पुरवठा आटला तेव्हा तेच उपयोगी पडलं.

हे सगळं वाचून परदेशी मेंटॉर म्हणजे वरदानच, असं वाटू नये. फसलेल्या भेटीही पुष्कळ असतात. पाहुणे पंधरा दिवस येतात, स्वतःच्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांचं बाड ठेवून जातात, त्यातली निम्मी औषधं स्थानिक भांडारात नसतात. यंत्र भेट मिळतं, त्याच्या पट्ट्या संपल्या की ते कपाटात जातं. पाहुण्यांची सरबराई करण्यात तुटपुंज्या मनुष्यबळाचे दोन आठवडे जातात. आणि सर्वांत दुखरी गोष्ट, चांगला तयार झालेला तरुण फार्मासिस्ट मेंटॉरच्याच देशात नोकरी धरतो. त्याला दोष देता येणार नाही, पण त्याच्या वॉर्डाची जागा रिकामी होते. एल्डोरेट आणि म्हैसूर टिकले, कारण तिथे शिकवणारे वर्षानुवर्षं राहिले किंवा पुन्हा पुन्हा आले, काय हवं ते यजमानांनी ठरवलं, आणि पहिल्या तुकडीने दुसरी घडवली. बहुतेक देशांत स्थानिक नोंदणीशिवाय परदेशी फार्मासिस्टला स्वतः औषध देता येत नाही. ही अडचण मला फायद्याची वाटते. करता येत नाही म्हणून शिकवावंच लागतं.

महाराष्ट्राकडे पाहिलं तर साहित्य सगळं आहे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे. याच संघटनेने मुंबईत औषध दुकानदारांना क्षयरोगाच्या कामात उतरवलं होतं, दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याला खोकल्याची बाटली विकण्याऐवजी तपासणीला पाठवायचं आणि डॉट्सच्या गोळ्या दुकानात समोर घ्यायला लावायच्या. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीसारख्या महाविद्यालयांत फार्म. डी. शिकवलं जातं. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाचं समुपदेशन ही फार्मासिस्टची जबाबदारी म्हणून लिहून ठेवली. २०१४च्या मार्चपासून अनुसूची एच-१ मधल्या औषधांची, त्यांत काही प्रतिजैविकंही आली, वेगळी नोंदवही ठेवावी लागते, म्हणजे प्रतिजैविकांची मोजणी काउंटरवरही करता येईल. कमी आहे ती वॉर्डात आणि काउंटरवर शेजारी उभं राहणाऱ्या अनुभवी माणसाची. तालुक्याच्या गावी पहिल्या नोकरीला लागलेल्या फार्म. डी.ला ‘आजींचं वजन किती?’ असं विचारणारं कोणी नसतं.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांतल्या रुग्णालयांत मराठी फार्मासिस्ट कामाला आहेत. त्यांतल्या कोणाच्या हाती हे पान पडलं तर त्यांना एकच विनंती आहे. ज्या महाविद्यालयातून तुम्ही शिकलात तिथल्या फार्मसी प्रॅक्टिस विभागाला पत्र लिहा. आठवड्यातला एक तास ठरवा, मुलांना रुग्णाचं नाव-गाव झाकून एक केस मांडायला लावा, आणि सूचना देण्याआधी प्रश्न विचारा. सुट्टीत गावी आलात की एक दिवस त्यांच्याबरोबर राउंडला जा. किमान पाच वर्षं हे सोडू नका.